घरटी एक बाटली

३ फेब्रुवारी, सोमवार

आठ वर्षं मी नगरच्या या पशुरोग प्रयोगशाळेत काचेच्या नळ्यांशी बोलते आहे. नळ्या उलटून बोलत नाहीत, त्यामुळे आमचं बरं चाललं आहे. आज इथले प्रमुख शामकांत सर यांनी मला माणसांपुढे उभं करायचं ठरवलं आणि मी हो म्हणून बसले. कुठेतरी मन मोकळं करायला हवं, म्हणून बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे.

झालं असं. घोडेगावच्या पुढे जांभळवस्ती म्हणून वस्ती आहे. तिथल्या दूध संस्थेच्या टाकीतला नमुना आमच्याकडे आला होता. नळीत दूध घेतलं, रंगीत औषधाचा थेंब टाकला, नळी कोमट पाण्यात ठेवली. तासाभराने वर साय आली आणि सायीला निळं कडं आलं. पुन्हा केलं, पुन्हा निळं. निळं कडं म्हणजे ब्रुसेलाचा संशय. या रोगाने गाई गाभडतात, दिवस भरायच्या आधीच वासरू टाकतात. गाभडलेल्या गाईची वार, म्हणजे गर्भाची पिशवी, उघड्या हाताने काढली किंवा कच्चं दूध प्यायलं तर तोच रोग माणसाला होतो. मग त्या तापाला कोणी मलेरिया म्हणतं, कोणी टायफॉइड. गोळ्या बदलत राहतात आणि माणूस झिजत जातो.

टाकीत सगळ्या वस्तीचं दूध एकत्र असतं. म्हणजे तिथल्या कुठल्यातरी गोठ्यात रोग आहे एवढंच कळलं, कोणाच्या ते कळायचं तर प्रत्येक गाय तपासायला हवी. लोकांनी हो म्हटल्याशिवाय ते होणार नाही.

सर म्हणाले, "संस्थेच्या सभेत ठराव झाला पाहिजे, भार्गवी. महिनाअखेरपर्यंत झाला नाही तर तपासणीचं किट आणि वासरांच्या लसी काष्टी गावाला देऊन टाकू. तिथले लोक मागतायत. पण जांभळवस्तीत जाऊन बोलणार कोण?"

मी म्हटलं, "मी जाते." सर चष्म्यावरून बघतच राहिले.

सुहासला जेवताना सांगितलं. तो म्हणाला, "तू बोलणार? रिक्षावाल्याला डावीकडे वळ म्हणायचं तरी मला पुढे करतेस." नवरा पॉलिटेक्निकमध्ये शिकवतो. आख्खा वर्ग झोपला तरी याचं बोलणं चालूच असतं, त्यामुळे या विषयात स्वतःला अधिकारी समजतो. मी मनात म्हटलं, करून दाखवायचं.

८ फेब्रुवारी, शनिवार

स्लाइड झाल्या. मी केल्या त्या बऱ्या होत्या, मग सरांनी हात फिरवला. आता त्यांत जिवाणूची रचना आहे, जगाचा नकाशा आहे आणि दोन आलेख असे आहेत की मलाच समजायला वेळ लागला. सर म्हणतात, लोकांना सगळं माहीत पाहिजे.

मी मात्र मनापासून काम केलं आहे. गाभडलेल्या गाईचा एक फोटो घातला. मागच्या वर्षी आमच्याच एका सहकाऱ्याने घोडेगावच्या बाजूला काढलेला. गाईशेजारी एक बाई उभी होती, तिचा चेहरा पुसट केला. माणसाचं खासगीपण जपायला हवं. अशा बारीक गोष्टींत मी चुकत नाही.

संध्याकाळी सुहाससमोर आख्खं बोलून दाखवलं. संपल्यावर म्हणाला, "माहिती चोख आहे. पण तू एकदाही माझ्याकडे बघितलं नाहीस."

ते खरं आहे. चांगलं सादरीकरण कसं करावं यावर एक व्हिडिओ पाहिला, त्यातही हेच होतं: प्रत्येक श्रोत्याकडे तीन सेकंद बघा. मग सोफ्यावर तीन उशा मांडल्या आणि एकेकीकडे तीन तीन सेकंद बघत पुन्हा बोलले. जमलं.

९ फेब्रुवारी, रविवार

सपशेल आपटले.

सभा भैरोबाच्या मंडपात होती. प्रोजेक्टर चालला, पडदा हलला नाही, माइकही ओरडला नाही. एवढं सगळं सुरळीत झाल्यावर माणसं तरी ऐकतील असं वाटलं होतं. पण मंडपात सगळ्यांचे डोळे माझ्यावर दिसले. मग मी पडद्याकडे वळले आणि पडद्याकडेच राहिले. उशांचा सराव वाया गेला.

चेअरमन आबासाहेब साठीच्या पुढचे. हयात गुरांच्या बाजारात दलाली करण्यात गेली, आता संस्था बघतात. वस्तीत त्यांचा शब्द चालतो, त्यांनी मनावर घेतलं तर ठराव सहज होईल. पण त्यांचं लक्ष कुठे होतं देव जाणे. भर दुपारी गळ्याला मफलर, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, खांबाला टेकून बसलेले. मी गाईची लक्षणं सांगत होते तर मध्येच म्हणाले, "मॅडम, मानसाला झाला तर ताप कसा येतो? रोज सांच्याला येतो का दिसाआड?"

म्हटलं, ते पुढे सतराव्या स्लाइडवर आहे.

सतरावी स्लाइड आली तर पुन्हा सुरू. "कंबर धरती का? रातच्याला घाम येतो का? भूक मरती का?" सगळं समोर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. विषय जनावरांचा आणि हे गृहस्थ तो सारखा माणसांवर ओढून नेतात. काही लोकांना सभेत वेळ खायची खोड असते.

गाभडलेल्या गाईचा फोटो आला तेव्हा मंडपात कुजबुज झाली. मागे दोघंतिघं हसले. हिरव्या लुगड्यातली एक बाई उठली आणि निघून गेली. कंटाळली असेल.

शेवटी मी विचारलं, "आपल्या गाई तपासून घ्यायला कोण तयार आहे? हात वर करा." एकही हात वर आला नाही. कोणी नाही म्हणालं असतं तरी चाललं असतं, वाद घातला असता. सगळे नुसते माझ्या मागच्या पडद्याकडे बघत बसले. परत येताना गाडीत इतका राग आला की शेजारी ठेवलेल्या प्रोजेक्टरशीच भांडले.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी आबासाहेबांचा फोन. आवाज थकलेला, शब्द मोजके. "मॅडम, ती फोटूतली गाय मुक्ताबाईची हाय. आमच्या वस्तीवरची. तिची गाय इकायची हुती, गिऱ्हाईक ठरल्यालं हुतं. ते काल माघारी गेलं."

मी म्हटलं, "पण मी त्यांचा चेहरा झाकला होता."

"चेहरा झाकला व्हय तुमी, पन गाय उघडीच ठिवली. आमच्या हितं मानसाचं तोंड इसरत्याल, पन ज्याच्या त्याच्या गायीची शिंगं सगळ्यांना पाठ हायेत. डाव्या डोळ्यावर काळा ठिपका. पोरंटोरं बी वळखत्यात."

फोन ठेवला. फोटो काढणाऱ्या सहकाऱ्याला विचारलं, ती गाय तपासली होती का. तो म्हणाला, नाही, नुसता फोटो काढला होता, गाभडलेली दिसली म्हणून. म्हणजे तपासणीशिवायच मी एका बाईच्या गाईवर आख्ख्या वस्तीसमोर रोगाचा शिक्का मारला. आठ वर्षांत एकाही नमुन्यावर चुकीची चिठ्ठी लावली नाही म्हणून मिरवते मी.

सरांना सांगितलं. सर म्हणाले, "ती स्लाइड काढून टाक." एवढंच.

१२ फेब्रुवारी, बुधवार

रजा टाकून मुक्ताबाईंकडे गेले. मंडपातून उठून गेलेली हिरव्या लुगड्यातली बाई त्याच; गोठ्यात शेण भरत होत्या. मला बघून थांबल्या नाहीत. दावणीला चार गाई, त्यांतली एक काळ्या ठिपक्याची. तिनेच माझ्याकडे मान वळवली.

मी म्हटलं, "मुक्ताबाई, माझं चुकलं."

"व्हय, चुकलं," त्या म्हणाल्या. पाटी भरून उकिरड्यावर टाकून आल्या आणि मग म्हणाल्या, "वढ्याच्या उतारावर पाय घसरून पडली हुती ती. दोन दिसांनी गाभडली. मला इचारलं असतं तर सांगितलं असतं की. इचारायचं काय जड हुतं?"

म्हटलं, मी आजच तिचं रक्त घेते, रोग नाही असा दाखला देते.

"नगं. आता तपासली म्हंजी काईतरी हुतं म्हनूनच तपासली म्हनत्याल. दाखला दावत मी घरोघर हिंडू का?"

मी निघाले तर म्हणाल्या, "च्या घिऊन जावा. आमच्यात पावन्याला तसंच लावत न्हाईत." तिथेच उंबऱ्यावर बसून चहा घेतला. प्याले सगळा.

काष्टीला किट गेलं तर सर म्हणतील, ठीक आहे. मी नाही म्हणू शकणार. त्या वस्तीतल्या कुठल्यातरी गोठ्यात रोग आहे आणि तो या बाईच्या गोठ्यात नसला तरी लोकांनी तो तिच्याच दारात नेऊन बांधला आहे. हे मी केलंय, मीच सोडवणार.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दुसरी सभा लावा म्हणून आबासाहेबांना फोन केला तर म्हणाले, आज घोडेगावच्या बाजारात हाय, हितंच या.

बाजारात मी याआधी लस द्यायला गेले आहे, बघायला कधी गेले नव्हते. आबासाहेब लिंबाच्या सावलीत पोत्यावर बसले होते, बाटलीभर पाणी शेजारी. म्हणाले, पाय चालत नाहीत, हितनंच बघतो. समोर एका बैलाचा सौदा चालला होता. दोन माणसांनी हातात हात दिला होता आणि त्यावर टॉवेल टाकला होता. टॉवेलाखाली बोटं हलत होती. तोंडाने दोघं पावसापाण्याचं बोलत होते. एकदा एकाने हात काढून घेतला, मान हलवली, परत दिला.

मी विचारलं, "भाव उघड का नाही बोलत?"

"उघड बोलला की मानूस अडाकला," आबासाहेब म्हणाले. "मी धा मागितले आनि समोरच्यानं सा म्हटलं, तर चार लोकांत माझं हसं. मंग मी चिडून सौदाच मोडनार. टावेलाखाली म्हटलं तर त्याला आन मला कळलं, बाकीच्याला काय? इज्जतीनं मागं सरता येतं, इज्जतीनं पुढं बी येता येतं. तुमी त्या दिशी हात वर करा म्हनला. गुरांच्या बाबतीत आमच्यात उघड हात कोन वर करनार?"

मी तिथेच पोत्याच्या कडेला बसले. इतकं साधं होतं. मी आख्ख्या वस्तीला भर मंडपात भाव बोलायला सांगितलं होतं.

आबासाहेब पाणी प्याले. मग म्हणाले, "मॅडम, अंगात लई दिस मुरलेला आसंल तर निघतो का हो तो रोग?"

मी माझ्या विचारात होते. म्हटलं, "माणसांचं डॉक्टरांना विचारा, आबासाहेब. मी जनावरांची आहे." ते हसले. मला टॉवेलाने झपाटलं होतं, तिकडे कुठे बघणार.

घरी सगळं सुहासला सांगितलं. त्याने टॉवेलाचं कौतुक केलं, मग म्हणाला, "ते चेअरमन सारखं माणसाच्या तापाचं का विचारतात?" म्हटलं, खोड आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

ठरलं. प्रत्येक घराने आपल्या गोठ्यातलं दूध एका बाटलीत आणायचं, घरटी एक बाटली. सगळ्या बाटल्या सारख्या. संस्थेत दुधाची फॅट लावायच्या, म्हणजे स्निग्धांश मोजायच्या खोलीत एकेकाने आत जायचं, पिशवीतून एक आकड्याची जोडचिठ्ठी उचलायची, एक बाटलीला चिकटवायची, दुसरी मुठीत ठेवायची. कोणाचा आकडा कोणता ते फक्त त्याला माहीत. मग सगळ्यांसमोर, त्यांच्याच मंडपात, मी परीक्षा करणार. ज्याच्या बाटलीला कडं येईल त्याला एकट्याला कळेल. कोणी काही उघड बोलायचं नाही. ज्याला वाटेल तो नंतर मला फोन करेल.

सर ऐकून उडालेच. "म्हणजे नमुना कोणाचा ते आपल्यालाही कळणार नाही? हे कुठल्या पद्धतीत बसतं? आणि स्लाइड?"

"स्लाइड नाहीत सर."

"एकही नाही?"

"नाही." सरांना नाही म्हणायची माझी ही पहिलीच वेळ. ते म्हणाले, "तासभर नळ्या गरम होणार, तोवर तू काय करणार? गाणी म्हणणार?" तो प्रश्न बरोबर होता. तासभर पडद्याशिवाय माणसांसमोर. म्हटलं, बघते.

एक गोष्ट आधी पक्की करायची होती. आबासाहेबांना फोन लावला. कडं आलं म्हणून संस्थेने कोणाचं दूध नाकारायचं नाही. टाकीतलं सगळं दूध पुढे प्लँटमध्ये तापवलं जातं, त्यात हा जंतू मरतो. नाकारणार असाल तर कोणी बाटलीच आणणार नाही. मग म्हणाले, "कमिटीपुढं मी ठिवतो. आनि बाटली समद्यात आधी माझी घ्या."

२२ फेब्रुवारी, शनिवार

संध्याकाळच्या दूध संकलनाला बाटल्या घेतल्या. लोक आले, काही उगाच कॅनच्या रांगेत रेंगाळले, आत जाऊन चिठ्ठी उचलून बाहेर येताना मूठ अशी घट्ट की जणू मी ती हिसकावून घेणार आहे. आबासाहेब खरंच पहिले आले. मुक्ताबाई सगळ्यात शेवटी, कॅन रिकामा झाल्यावर. माझ्याशी बोलल्या नाहीत. आत गेल्या आणि बाहेर आल्या.

बाटल्या संस्थेच्या फ्रिजमध्ये ठेवल्या. परीक्षेला एक रात्र गार झालेलं दूध बरं असतं. आज काही सराव केला नाही. उशा आपल्या जागी आहेत.

२३ फेब्रुवारी, रविवार

हे सगळं आजच लिहून ठेवते, उद्या अक्षर स्थिर येईल पण गोष्ट निसटेल.

मंडप भरला होता. बाया पुढे बसल्या होत्या, मागच्या वेळी त्या मागे होत्या. मी सगळ्यांसमोर दूध नळ्यांत भरलं, औषधाचा थेंब टाकला, नळ्या कोमट पाण्याच्या पातेल्यात उभ्या केल्या आणि वर टॉवेल टाकला. तो बघून मागे कोणीतरी हसलं, पण चांगलं हसलं. मग तास सुरू झाला.

पहिल्यांदा मी म्हटलं, "मागच्या सभेत मी एका गाईचा फोटो दाखवला. ती गाय आम्ही तपासलेली नव्हती. तिला रोग आहे असं म्हणायचा मला काहीच अधिकार नव्हता. चूक माझी आहे, गाईची नाही आणि गाईच्या मालकिणीचीही नाही." मुक्ताबाई जमिनीकडे बघत होत्या. त्यांनी पदर नीट केला, एवढंच.

मग सांगितलं, कडं आलं म्हणजे रोगच असं नाही. कास सुजलेली असली, गाय नुकती व्यालेली असली तरी कधीकधी येतं. खरं काय ते रक्त तपासून कळतं. यानंतर माझ्याकडचं बोलणं संपलं. फार तर दहा मिनिटं झाली असतील. मागे वळावंसं वाटलं, मागे पडदा नव्हता. म्हणून विचारलं, "तुम्ही विचारा."

आणि विचारलं त्यांनी. गाय रोगी निघाली तर इकता येणार न्हाई, मंग ती दावणीला बांधून काय पूजा करायची? म्हटलं, वेगळी बांधा, बाजारात नेऊ नका, दूध उकळूनच घरात घ्या. गाभडली तर हातमोजे घाला, वार चुना टाकून पुरा. ती कायम रोगी राहील, खोटं सांगत नाही. पण तिच्या वासरांना लस आहे, कालवडी वाचतील. कोणी म्हणालं, हे महाग पडंल. म्हटलं, पडेल. एका बाईने विचारलं, दूध घेनार का संस्था? यावर आबासाहेब खांबापासून म्हणाले, "घेनार. कमिटीनं लिवून ठिवलंय."

मग त्यांनीच विचारलं, "आनि मॅडम, मानसाला?"

मी त्यांच्याकडे बघितलं. तीन सेकंद मोजायचं विसरले. चेहरा फिकट, गळ्याची हाडं वर आलेली, मफलर आजही होता. शर्ट अंगावर नुसता लोंबत होता, कोणा जाड माणसाचा घातल्यासारखा. कमरेमागे घडी घातलेलं पोतं. फेब्रुवारीच्या दुपारी कपाळावर घाम. हा माणूस माझी सतरावी स्लाइड विचारत नव्हता. स्वतःचं सांगत होता, पहिल्या दिवसापासून. मी त्याला वेळखाऊ म्हटलं. बाजारात तर डॉक्टरांना विचारा म्हणून झटकून टाकलं. लक्षणं मला पाठ आहेत, झोपेतही सांगेन, आणि ती समोर खांबाला टेकून बसली होती. तिथल्या तिथे रडू आलं. ते गिळलं.

त्यांचं नाव घेतलं नाही. त्यांच्याकडे बघूनच, पण सगळ्यांना सांगितलं, "माणसाला होतो. महिनोन्‌महिने ताप येत-जात राहतो, कंबर धरते, भूक जाते. रक्त तपासलं की कळतं. औषध आहे, बरेच आठवडे घ्यावं लागतं, मध्येच सोडायचं नाही. पण माणूस बरा होतो. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. गोठ्यात हात घालणाऱ्या कोणालाही होऊ शकतो."

"बरा हुतो?" आबासाहेब म्हणाले.

"होतो."

त्यांनी मान हलवली. नंतर तास कधी संपला ते कळलं नाही.

टॉवेल काढला. नळ्या एकेक करून उजेडात धरल्या आणि आकडा वाचला. बहुतेक नळ्यांत दूध सारखं निळसर, साय पांढरी. तीन नळ्यांत कडं होतं, वर निळं, खाली पांढरंशुभ्र. मुठी उघडल्या आणि मिटल्या. सगळ्यांच्या माना खाली होत्या. मी नळ्या ठेवल्या आणि म्हटलं, "आता घरी जा. ज्याला वाटेल त्याने मला फोन करा."

कोणी उठलं नाही. उठले ते आबासाहेब. खांब धरून उठले, पुढे आले आणि कड्याच्या नळ्यांतली एक उचलली.

"ही माझी हाय." आवाज चढला नव्हता. "चेअरमनच्या गोठ्यात हाय रोग. आनि बहुतेक चेअरमनच्या अंगात बी हाय. दिवाळीपासनं ताप घिऊन हिंडतोय. घरात बी सांगितलं न्हाई."

मग मुक्ताबाई उठल्या. मूठ उघडून चिठ्ठी पुढे धरली. "माझी साफ हाय," त्या म्हणाल्या. "पन आबा, माझ्या गायीवर ही लोकं हसली तवा तुमी हितंच बसला हुता. गप."

"व्हय. चुकलं माझं."

मला वाटलं मुक्ताबाई आता बरंच ऐकवणार. त्या म्हणाल्या, "आता तुमच्या गायीवर कोन हसलं तर मी गप बसायची न्हाई." आणि मागे वळून, ज्या कोपऱ्यात त्या दिवशी हसू आलं होतं तिकडे बघत, "लिवा ठराव. समद्या गायी तपासायच्या. समद्या म्हंजी समद्या."

हात वर करा असं मी कोणाला म्हटलं नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आबासाहेबांना नगरच्या दवाखान्यात घेऊन आले. ओळखीच्या डॉक्टरांना आधी सगळं सांगून ठेवलं होतं. रक्त घेतलं. गाडीत मी म्हटलं, "पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"सांगतच हुतो की," ते म्हणाले. "पन तुमी पडद्याकडं बगून बोलत हुता. पडद्याला कसं सांगू?"

मी पुढचा रस्ता बघत गाडी चालवली.

सरांना ठराव दिला. किट आणि लसी जांभळवस्तीला जाणार. सर खूश होऊन म्हणाले, "ही पद्धत फार चांगली आहे. यावर एक प्रेझेंटेशन कर, तीसेक स्लाइड पुरे." सुहासला सांगितलं तर तो हसून हसून आडवा झाला. मीही हसले, पण सरांना करून देईन म्हटलंय. फक्त स्लाइड कमी.

१ मार्च, शनिवार

आबासाहेबांचा रिपोर्ट आला, रोग आहे. औषध कालपासून सुरू. त्यांच्या बायकोचं रक्तही घेतलं आहे. बाई माझ्यावर नाही, नवऱ्यावर चिडल्या आहेत, आणि ते योग्य आहे.

आज वस्तीवर प्रत्येक गाईच्या दुधाच्या वेगळ्या तपासणीला सुरुवात केली; जिच्या दुधाला कडं येईल तिचं मग रक्त घ्यायचं. काल सगळ्यांना निरोप दिला होता की बाटलीवर काही लिहायचं नाही, चिठ्ठ्या मी आणते, मागच्यासारख्याच. पिशवी, आकडे, सगळं घेऊन वेळेआधी पोचले. फॅट लावायच्या खोलीत टेबलावर बाटल्या आधीच मांडून ठेवलेल्या होत्या.

प्रत्येक बाटलीवर घराचं नाव होतं आणि खाली गाईचं. कोणी पेनाने, कोणी कोळशाने, कोणी लेकराकडून वळणदार अक्षरात लिहून घेतलेलं. पहिल्या रांगेत आबासाहेबांच्या बाटल्या होत्या. त्यांना चिकटून मुक्ताबाईंच्या चार.

चिठ्ठ्यांची पिशवी मी परत गाडीत ठेवून आले.